काकांची सुटका

“कॉम्प्युटर म्हणतो तुम्ही निवृत्त नाही, म्हणजे नाही,” साहेब म्हणाले आणि कारकूनकाकांचा अर्ज त्यांनी चौथ्यांदा परत केला.

काका त्रेसष्ट वर्षांचे होते. साठीला सुटून ते धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होते. तिने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. आता त्या रंगाचे पोपडे निघत होते. पण सुटकेच्या कागदावर सही हवी, आणि कॉम्प्युटरने मान डोलावल्याशिवाय साहेब सही करीत नसत.

जुने नकाशे सांभाळणाऱ्या त्या ऑफिसात माणसं तीनच. साहेब, काका, आणि प्रोग्रामिंगचा कोर्स उरकून नुकतीच रुजू झालेली बावीस वर्षांची मुलगी. जेवणाच्या सुट्टीत तिने प्रोग्राम उघडला.

“काका, सापडलं! ‘वय साठ किंवा जास्त आहे का?’ ही तुलना एकदाच केलीय, प्रोग्राम बसवला त्या दिवशी. तुम्ही तेव्हा एकोणसाठचे. उत्तर आलं ‘खोटं’. ते ‘निवृत्त’ नावाच्या डबीत ठेवून दिलं.”

“मग?”

“मग तुमचं वय वाढलं. पण डबीतलं उत्तर आपोआप बदलत नाही हो. तुलना पुन्हा करावी लागते.”

“म्हणजे चार वर्षं मी डबीत आहे?”

“झाकण लावून.”

तिने प्रोग्राममधली ती ओळ उचलून अशा जागी ठेवली, की तुलना रोज सकाळी व्हावी. सगळ्यांचीच.

दुसऱ्या दिवशी काकांच्या नावापुढे ‘खरं’ उमटलं. काका कागद घेऊन धावले. साहेब स्वतःच्याच केबिनबाहेर उभे होते. दार त्यांचं कार्ड घेईना. साहेब काकांहून दोन महिन्यांनी मोठे निघाले.

“साहेब, सही.”

“मी निवृत्त आहे हो. माझी सही आता फक्त दूधवाल्याला चालेल. माझ्या हाताखालच्या माणसाकडे जा.”

हाताखालचा माणूस म्हणजे काकाच. तेही निवृत्त. दोघांनी मुलीकडे पाहिलं. साहेबांनी शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या टेबलावर ठेवला.

तिने सही केली. काका जिना उतरू लागले.

“काका, थांबा ना! मी फक्त सहा महिन्यांसाठी आले होते. मला कोण सोडणार?”

“ओळ बरोबर बसवलीस ना, पोरी?” काका मागे न बघता म्हणाले. “मग काळजी कसली? अडतीस वर्षांनी अगदी वेळेवर सुटशील.”