पकड सैल करणारा भाग

बाळाच्या मनगटावर निळा वळ उठला होता. शेजारचं मांजर आठवडाभर घरात फिरकलं नव्हतं. आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नवा होता आणि हाताची आज्ञावली जुनी.

"जावईबापू, चूक माझीच," वत्सलाबाई म्हणाल्या. "म्हातारपणी जोराचा अंदाज राहत नाही. यापुढे बाळाला मी उचलणार नाही."

"आई, तसं नाही..." राजस म्हणाला.

सासूबाईंचा उजवा हात कृत्रिम होता. तो बनवणारी कंपनी बुडाली, तेव्हा त्याची आज्ञावली सगळ्यांसाठी खुली झाली. आता घरोघरी कुणीतरी ती स्वतः कंपाइल करून हातात भरायचं. या घरात ते काम राजसनं केलं होतं. नव्या कंपायलरनं एक जुना भाग नाकारला. तो समजून घेऊन दुरुस्त करण्याऐवजी राजसनं तो उडवला. एरर गेल्या, हात हलू लागला.

आज त्यानं तो भाग पहिल्यांदा वाचला. पकडीत जिवंत नाडी लागली, की बोटं सैल सोडायचं काम तो करत होता.

"तोंड का पाडलंत? शेजारच्या भिडेबाई तर म्हणतात, असा जावई मिळायला भाग्य लागतं!"

पाळण्यातली पोर आजीकडे झेपावत होती. वत्सलाबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

"आई, हात द्या जरा," राजस खाली बघत म्हणाला. "नवीन अपडेट आलंय."

"बघा, पुन्हा तुम्हालाच त्रास."

हात चालू झाला त्या दिवशी वत्सलाबाईंनी कौतुकानं आधी राजसचाच हात धरला होता, आणि राजसची बोटं दुखली होती.