फोकस मागे बसतोय
"लग्नाच्या फोटोंत माझ्या पोरीचं भूत केलंस तू!" नवरीची आई कडाडली. "मावशी, माझा हात चांगलाय. कॅमेराच मधूनमधून फोकस सोडतो," मी म्हणालो. खात्री पटवायला मीच तिला इबादान शहराच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे आणलं होतं. त्याने लेन्स बदलून पाहिली, समोरच्या बाटलीवर पुन्हापुन्हा फोकस लावला. "कॅमेरा ठणठणीत आहे. फोकस नवरीला सोडून मागे बसतोय." "मागे कुठे? दाखव की मोठं करून!" मी गुरकावलो. त्याने फोटो टीव्हीवर लावला. पाहुणे रिवाजाप्रमाणे नोटा उधळत होते, नाचणारी नवरी धूसर होती. तिच्यामागे, जेवायला मीच नेलेली माझी आई मात्र लख्ख दिसत होती, नवरीच्या झोळीत जायच्या नोटा पोलक्यात कोंबताना. माझे कान तापले. नवरीच्या आईने उठून टीव्ही बंद केला. "खरंय रे पोरा," ती हळूच म्हणाली, "कॅमेराच बिघडलाय तुझा."