छातीचं माप

“छाती किती झाली यंदा?” मार्कसने दार उघडल्या उघडल्या विचारलं.

हॉस्पिटलातून आलेली रश्मी चपला काढत होती. “ॲग्नेस आंटींना भेटते ना आधी. त्यांनाच सांगते.”

“ती भेटत नाही कोणाला. मला सांग, मी लिहून ठेवतो. शर्मिष्ठाबाई फोनवरच सांगायच्या.”

“मॅडम जूनमध्ये रिटायर झाल्या, अंकल. अवयवदानाचं काम आता मी बघते.”

“तू? कॉलेजातून पळून आल्यासारखी दिसतेस.”

“एम.एस्सी. झालेय.”

“मग बस, बाय.”

मरोळ गावठाणातलं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर पाच वर्षांच्या ॲड्रियनचा फोटो होता. मार्कस आणि ॲग्नेसच्या लग्नानंतर अठरा वर्षांनी झालेला हा एकुलता मुलगा नऊ वर्षांपूर्वी गच्चीवरून पडला. मेंदू गेला, हृदय चालू होतं. ॲग्नेसने ते दिलं. कोणाला, ते सांगायची पद्धत नाही. चार वर्षांचा मुलगा आहे, थंड हवेच्या गावचा आहे, एवढंच तिला कळलं.

“थंडी असते तर स्वेटर विणते,” ती म्हणाली होती.

तेव्हापासून दर नोव्हेंबरला हॉस्पिटलकडून माप यायचं आणि नाताळच्या आठवड्यात स्वेटर हॉस्पिटलात पोचायचा. पहिल्या हिवाळ्यात त्या मुलाच्या आईचं बिननावाचं पत्रही आलं होतं. ते फोटोशेजारी फ्रेम करून लावलेलं होतं. ‘तो दुसरं काही गरम घालतच नाही. ज्या आईने दिलं, तिच्या हातचं आहे, असं त्याला सांगितलंय.’

रश्मीने ते वाचलं आणि नजर काढून घेतली.

कामाचा ताबा घेतल्यावर तिने सहज म्हणून जुनी मापं मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर मांडली होती. सगळे ठिपके बरोबर मधल्या रेघेवर पडले. खरं मूल असं वाढत नाही. एखादं वर्ष अडकतं, एखाद्या वर्षी उडी मारतं. तिने फाइल शोधून काढली. पहिला हिवाळा सरल्यावर, मार्चमध्येच, तो मुलगा जंतुसंसर्गाने गेला होता.

ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या तळाशी डांबरगोळ्यांच्या वासात त्यानंतरचे आठ स्वेटर होते. शर्मिष्ठा मॅडमना पहिल्या वर्षी सांगायचं जमलं नसावं, मग कधीच जमलं नाही. तक्त्यात बघून त्या दरवर्षी एक आकडा कळवत राहिल्या. यंदाचाही त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवला होता : अठ्ठावीस इंच.

रश्मीने ते आठ स्वेटर टेबलावर ओळीने पसरले आणि पट्टी लावून टाके मोजले. पहिल्या पाचांत इंचाला सात टाके, कुठेही मोजा. नंतरच्या तिन्हींत नऊ. वीण करकचून आवळलेली, गळा तिरका, एक बाही दुसरीपेक्षा लांब. ‘बोटं आखडली असावीत,’ तिने वहीत लिहिलं.

नसलेल्या मुलासाठी ती बाई दुखऱ्या बोटांनी विणत बसते, हे तिच्याने बघवेना. यंदा आकडा द्यायचा नाही, समोर बसून खरं सांगायचं, असं ठरवून ती आली होती.

मार्कस पिशवीत शेवंतीचे हार भरत होता. दोन हार, दोन जाड मेणबत्त्या. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. एमआयडीसीतला रिटायर फिटर, घरी काहीतरी खटपट चालू असणार.

“आज ऑल सोल्स, गेलेल्या माणसांचा दिवस. कबरस्तानात जायचंय,” तो म्हणाला. “तर आकडा सांगून टाक. लोकर आणून ठेवलीय, निळी. लांबी मागाहून कळली तरी चालते, पण छातीशिवाय टाके घालता येत नाहीत.”

“तुम्हाला बरंच कळतं की.”

“घरात राहून कळतं.” त्याने शेवटचा हार पिशवीत ठेवला. “पोरगं बरं आहे ना?”

रश्मी पायपुसण्याकडे बघत राहिली. “अंकल, मला आंटींशीच बोलायचंय. आज बोलायलाच हवं. नाहीतर मी उद्या परत येईन.”

“आणि उद्या नाही भेटली तर?”

“परवा.”

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून काहीच आवाज नव्हता. मार्कसने एकदा तिकडे पाहिलं, मग अंगठ्याची पट्टी नीट दाबून बसवली.

“चल मग,” तो म्हणाला. “ती पिशवी घे. माझा गुडघा साथ देत नाही.”

ॲग्नेस आधीच पुढे गेली असणार, रश्मीला वाटलं. वाटेत तिने वाक्य जुळवून पाहिलं. ‘आंटी, तुम्ही दिलेलं हृदय सव्वा वर्षही...’ नाही. ‘आंटी, तुमचा एक स्वेटर त्याने घातला.’ हे खरं होतं. इथून सुरुवात करता आली असती.

“शर्मिष्ठाबाईंनी एवढा हट्ट कधी नाही केला,” मार्कस म्हणाला.

“सॉरी, अंकल.”

“सॉरी काय त्यात.”

कबरस्तानात गर्दी होती. लोक कबरी धूत होते, क्रुसांना चुना लावत होते, पोरांना ओरडत होते. मार्कस भिंतीकडच्या एका पांढऱ्या क्रुसापाशी थांबला. रश्मीने आजूबाजूच्या बायकांमध्ये नजर फिरवली. साठीची, बोटं आखडलेली. कोणीच तशी दिसेना.

त्याने तिच्या हातून पिशवी घेतली, दोन्ही हार घातले, दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या. तेव्हा तिने क्रुसावरची अक्षरं वाचली. वर ॲड्रियन. त्याखाली, जरा नव्या रंगात, ॲग्नेस. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

“शेवटचे तीन मी विणले,” मार्कस म्हणाला. “वेडेवाकडे झालेत, ठाऊक आहे मला.” त्याने खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. “पण त्या पोराला कळू देऊ नकोस, बाय. आईच्या हातचं म्हणून घालतो तो. बोल, छाती किती?”

“साडेअठ्ठावीस,” रश्मी म्हणाली.