ठेक्याचा अंदाज

शनिवारी रियाजात बापलेकीचं नेहमीसारखं वाजलं. मिरजेत अण्णा तबला वाजवत आणि पुण्यात मृण्मयी गात असे, पण इंटरनेटवरून तिच्या स्पीकरवर ठेका अर्धा सेकंद उशिरा पोहोचायचा.

“सम कुठे हरवलीस, बयो?”

“मी नाही, स्पीकरने हरवली.”

“गाता येईना, स्पीकर वाकडा!” अण्णा खदखदून हसले.

संध्याकाळी तिने नवा स्पीकर लावला. मिरजेहून आवाज येण्याची वाट न पाहता तो अण्णांचा पुढचा बोल ओळखून आधीच वाजवायचा.

रविवारी सकाळी तोडी अशी रंगली, की तासभर ती थांबलीच नाही. मग शेजारच्या नलूमावशींचा फोन आला.

“मृण्मयी, अण्णा तबल्यावरच कोसळलेत गं. डॉक्टर म्हणतात, जाऊन पाऊण तास झाला.”

स्पीकरवर ठेका चालूच होता. कोणत्या आवर्तनापासून तो हात अण्णांचा नव्हता, हे तिला कळलंच नव्हतं. तिने स्पीकर बंद केला. गुरूला शिष्याने दाद द्यायची नसते, म्हणून तीस वर्षं ओठांआड ठेवलेलं ती त्या शांततेत मोठ्याने बोलली.

“वा, अण्णा!”