पाहुण्यांना सूचना

"मोनॅको हे बिस्किट नव्हे!" केयाने माइकमध्ये ठणकावलं आणि अख्खा हॉल हसला.

कॅनडातल्या सस्काटूनच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. बाहेर उणे एकतीस. मुलांना विषय होता, पाहुण्यांना एका देशाची ओळख करून देणं. दोन वर्षांपूर्वी हीच केया याच स्टेजवर रडली होती. आता ती ग्रेड टेनमध्ये होती, डिबेट टीममध्ये होती, आणि एकदा सुरू झाली की आवरत नव्हती. भाषण आजीने लिहून दिलं होतं. मंदाकिनीआजीने नागपूरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं होतं. टपोरं अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गोलात आकडा. केयाने तालीम वगैरे केली नव्हती. देवनागरी तिला छान वाचता यायची. फक्त अर्थ दोन सेकंद उशिरा पोचायचा.

"देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे फ्रान्स. बहुतेक रहिवाशांना इन्कम टॅक्स नाही."

"फॉर्म कुठे मिळतो?" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळ्यात मोठ्याने हसले ते केयाचे बाबा, निमिष. ते आठवडाभर खुशीत होते. गेल्या रविवारी त्यांनी आजीला सरप्राइज दिलं होतं. तिचं मार्चचं नागपूरचं तिकीट त्यांनी पुढे ढकललं होतं. थेट पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये! "तिकडे एकटी काय करशील, आई? इथे सगळं आहे की." पासपोर्ट आणि तिकीट त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होतं, सेफ. आजी म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि चहा गाळायला वळली.

केयाने पान उलटलं.

"या देशात कशाचीही कमतरता नाही. नळाला चोवीस तास गरम पाणी. फ्रिज भरलेला. देश इतका छोटा, की पुढच्या खिडकीपासून बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनपर्यंत बेचाळीस पावलांत संपतो."

वॉशिंग मशीन? लोक हसले. केयाही हसली आणि सुसाट पुढे निघाली.

"चारही बाजूंना पांढरा समुद्र. पाय टाकला की घसरतो. विमानतळ नाही. बाहेर जायचं तर राजाच्या गाडीतून. राजा फार सज्जन आहे. सकाळी सातला जातो, संध्याकाळी सहाला येतो, आणि आल्या आल्या विचारतो, 'आई, जेवलीस ना?'"

हसू मध्येच तुटलं.

दोन सेकंद झाले होते. अर्थ पोचला.

केयाने पुढची ओळ पाहिली. राजकन्येचीही एक ओळ होती. "राजकन्या हुशार आहे. कोपऱ्यापर्यंत चल म्हटलं, की म्हणते, आजी, इट्स फ्रीझिंग." ती ओळ तिने वाचली. तीसुद्धा.

खाली आणखी एकच ओळ उरली होती. तिच्याखाली आजीने दोनदा रेघ ओढली होती.

तिसऱ्या रांगेत बाबा अर्धवट उठले होते. कान लाल झाले होते. "केया, बेटा, थांब," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पान चुकलंय तुझं. आजीच्या वहीतलं काहीतरी मध्ये आलंय."

थांबणं सोपं होतं. सॉरी म्हणायचं, झेंड्याचे रंग सांगायचे, टाळ्या घ्यायच्या आणि खाली उतरायचं. केयाने आजीकडे पाहिलं. रेशमी साडीवर बाबांचा जुना, जाडजूड पार्का कोट घालून आजी ताठ बसली होती. घाबरलेली नव्हती. वर्गात एखादं पोर उत्तराच्या अगदी जवळ आलं की बाई जशा वाट बघतात, तशी बघत होती.

केयाने पानाचा कोपरा पाहिला. तिथे एक गोल होता. अगदी वाटोळा. गोलात दोन.

"पान बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. माइक जवळ ओढला आणि शेवटची ओळ वाचली.

"पाहुण्यांना सूचना: यावं, मनसोक्त राहावं, पण परतीचं तिकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवावं."