न्यायला आलेला मामा

बालगृहाच्या दारात व्यंकटीने चपला काढल्या आणि व्हरांड्यातल्या पोरींचं बोलणं एकदम थांबलं. सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. तो अवघडला. धर्माबादच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, मिरचीची पोती उचलणारा माणूस. धुतलेला सदरा घातला तरी अंगाचा ठसका जात नव्हता. जवळच्या एका चिमुरडीला शिंक आलीच.

"मी पुनमचा मामा हाय," तो कुणीही न विचारता म्हणाला. "तिला न्यायला आलोय."

आज पुनमला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. अठरा झाली की बालगृह सोडायचं, हा नियम. बहीण गेल्यावर व्यंकटीनेच तिला इथं नांदेडला आणून सोडलं होतं, दर दिवाळीला भेटूनही जात होता. मग न्यायला दुसरं कोण येणार? घरी एकच खोली आणि त्याच्या स्वतःच्या दोन पोरी. तो निघाला तेव्हा त्याची बायको सिंधु एवढंच म्हणाली होती, "आना तिला. तिघी एका वाकळंत निजतील." निजायचं भागलं असतं. पण पुनमच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं काय, हा विषय दोघांनीही काढला नव्हता. त्याने मात्र बिलोलीला एका ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. माणूस पस्तिशीचा, पहिली बायको वारलेली, दारात ट्रॅक्टर. रविवारी ते लोक पुनमला बघायला येणार होते.

अधीक्षिका मंजुश्री मॅडमनी त्याला ऑफिसात बसवलं. पुनम भिंतीला टेकून उभी होती, नर्सिंगच्या गणवेशात. कॉलेजला जाता जाता कुणीतरी थांबवून घेतल्यासारखी.

"मामा, काल सारखा तुम्हाला फोन लावत होते, लागेना," मॅडम म्हणाल्या. "अठरा ओलांडलेल्या मुलींसाठी यंदाच्या बजेटात पैसे मंजूर झालेत. काल आदेश आला. आपल्याच वरच्या मजल्यावर त्यांची सोय होतीय. पुनमला एकवीस होईपर्यंत राहता येईल. जेवण, राहणं, कॉलेज, सगळं."

व्यंकटीला पटकन उमगेना. "म्हंजी... न्यायचं न्हाई?"

"तिला यायचं असेल तर खुशाल न्या. ती आता सज्ञान आहे. तिनं ठरवायचं."

त्याने पुनमकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मामा एवढ्या लांबून आलाय. तो म्हणेल तसं."

पाठीवरचं पोतं कुणीतरी अलगद उतरवून घ्यावं, तसं व्यंकटीला झालं. आणि आपल्याला एवढं हलकं वाटावं याची लगेच लाजही वाटली. पोरगी त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शब्दासाठी थांबली होती. त्याने हो म्हटलं असतं तर ती मुकाट्याने निघालीही असती.

"एक मिंट, मॅडम." त्याने खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच, टेबलासमोर, मोंढ्यातल्या आवाजात बोलायला लागला.

"हालो, मी व्यंकटी. रविवारी येऊ नका... न्हाई, न्हाई, तुमचं काई चुकलं न्हाई. पोरगी शिकून राहिली. नर्स व्हनार हाय ती... तीन वर्सांनी? तवाचं तवा. तवा तिलाच इचारा."

फोन बंद केला तेव्हा पुनम त्याच्याकडे बघत होती.

"कोण होतं, मामा?"

"बिलोलीचे लोक व्हते." तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. "ऱ्हाऊ दे आता. न्हाई म्हनलंय त्यास्नी."

ती समजली.  बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक तिने सोडून दिलं.

व्यंकटीने मॅडमपुढे हात जोडले. "लई उपकार झाले."

"माझे कसले, मामा? आम्ही नुसती मागणी करत होतो. एवढी वर्षं करत होतो." मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "अठरावा वाढदिवस आला की आमच्या पोरींचं जेवण तुटतं. मागच्या वर्षी ऋतुजाला असंच इथून जावं लागलं. हेच जरा आधी झालं असतं तर..."



"ज्यानं कुनी केलं," व्यंकटी म्हणाला, "त्याला सांगा, धरमाबादच्या व्यंकटी हमालानं हात जोडलेत म्हनून."

"सांगते," मॅडम म्हणाल्या आणि खरंच सांगायचं असल्यासारखी त्यांनी मान हलवली.

तो उठला. "मी निघतो मंग. दुपारची गाडी घावंल. चक्कर वाया गेली, पर बरं झालं गेली ती."

"वाया?" पुनम म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा निघाला. तिने त्याचा हात धरला आणि त्याला दाराकडे न नेता व्हरांड्यात नेलं. पोरी अजून तिथंच होत्या. आता जास्तच जमल्या होत्या. व्यंकटी लाजून हात सोडवायला लागला. तिने सोडला नाही.

"हा माझा मामा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला न्यायला आलाय."

एका लहान पोरीचा चेहरा उतरला. "मग तू जाणार, ताई?"

"नाही गं," पुनम म्हणाली. "पण न्यायला आलाय."