पंच्याहत्तरीचं नाटक

“अजून काळं करा, बाई. मागच्या लोकांना दिसत नाही,” पडद्यातून डोकं आत घालून हेडमास्तर म्हणाले आणि गेले.

मार्लिंडाबाईंनी कढईच्या बुडाची काजळी पुन्हा बोटांवर घेतली. कमरेला केळीची पानं गुंडाळून पाच मुली गाल पुढे करून उभ्या होत्या. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरच्या चर्चच्या हायस्कूलला पंच्याहत्तर वर्षं झाली होती, त्याचं नाटक. पहिला मिशनरी बेटावर उतरतो, रानटी लोक हू हू करत नाचतात, तो त्यांना अंगावर घालायला कापड देतो. पहिला प्रवेश नुकताच झाला होता. आईबाप पोट धरधरून हसले होते. सगळ्यांत जोरात हसले ते चर्चचे पाळकसाहेब. त्यांच्या खांद्यावर घोड्यांच्या नक्षीचं सुंबाचं कापड होतं. तसलं एक विणायला बायकांची दोन वर्षं जातात.

शाळेत इतिहास शिकवायच्या त्या मार्लिंडाबाईच.

“बाई,” पाचांतली लिका म्हणाली, “तेव्हा लोकांना बोलता येत नव्हतं?”

“येत होतं की.”

“मग आम्हाला नुसतं हू हू का?”

बाईंनी तिच्या दुसऱ्या गालाला काजळी लावली. तेवढ्यात मागच्या दारातून काठी टेकत आपू आली. आपू म्हणजे बाईंची आजी, शाळेच्या पहिल्या वर्गातली एकटी उरलेली. सत्कारासाठी तिला आणलं होतं. तिनं लिकाच्या कमरेची पानं चाचपून पाहिली.

“हे कोण गं?”

“आपलेच लोक, आपू. शाळेच्या आधीचे.”

“शाळेच्या आधी मी होते. माझी आई होती. आम्ही पाला नेसून हिंडत होतो?”

बाईंनी काजळीची बोटं पाठीमागे लपवली.

“आणि पोरींची थोबाडं कुणी काळी केली?”

“मी.”

आपूनं तोंडातली सुपारी कोपऱ्यात थुंकली. मग लिकाचा हात धरून तिनं जुन्या बोलीत सुरू केलं. पूर्वज कुठल्या किनाऱ्याला लागले, पहिला माग कुणी मांडला, निळीत सूत कुणी बुडवलं. ही नावं एकदा घ्यायला लागलं की मध्येच थांबायचं नसतं.

बाहेर दुसऱ्या प्रवेशाचा ढोल वाजला. मुली जागच्या हलल्या नाहीत.

हेडमास्तर पुन्हा डोकावले. “म्हातारीला गप्प करा हो! आवाज बाहेर येतोय!”

“तुम्हीच करा,” मार्लिंडाबाई म्हणाल्या, आणि दोरी ओढून त्यांनी पडदा सताड उघडला.

आपूचे डोळे मिटलेले होते. पोरीचा हात धरून भर स्टेजवर ती एकेक नाव घेत राहिली. पडदा उघडताच उठलेलं हसणं विरत गेलं. सगळे चिडीचूप झाले. आता तरी कुणाची मान खाली जाईल, असं बाईंना वाटलं.

शेवटचं नाव घेऊन आपूनं डोळे उघडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाळकसाहेब स्वतः उठून हेडमास्तरांपाशी आले. “काय काम करते हो म्हातारी! अगदी खरं वाटतं. पुढच्या वर्षीही ठेवा,” ते म्हणाले. “फक्त थोडं कापा. फार लांबतं.”